भिजलेली वही आणि स्कॅनचं चित्र

आज बुधवार, आपल्या आरोग्याच्या गप्पांचा दिवस. आज आम्ही तुम्हाला एका प्रश्नाची गोष्ट सांगणार आहोत. प्रश्न आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंचा आहे.

सासूबाईंचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. वर्षभराने त्यांची पाठ दुखायला लागली, म्हणून डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन सांगितला. सकाळी हाताच्या शिरेत सुई दिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तीन तास बसवून ठेवलं आणि मग यंत्राखाली निजवलं. संध्याकाळी फिल्म हातात आली. सगळा सांगाडा ठिपक्याठिपक्यांनी काढलेला, आणि ओटीपोटात एक मोठा काळा डाग. घरी येईपर्यंत सासू-सून एकमेकींशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, की तो डाग म्हणजे मूत्राशय. सुईतलं औषध लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे ते तिथे साठलेलं दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कंबरेच्या एका मणक्यापाशी औषध जरा जास्त दिसतंय, म्हणून तेवढ्या भागाचा स्कॅन यंत्र गोल फिरवून पुन्हा करू. सासूबाईंनी लगेच विचारलं, "मग डॉक्टर, पहिला फोटो खोटा होता का? आणि दुसरा खरा कशावरून?"

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "आजी, हा फोटो नाहीच. हा हिशोब आहे." सासूबाईंचं समाधान झालं नाही. आमचंही झालं नाही. फोटोवर माणूस विश्वास ठेवतो, पण हिशोब चुकू शकतो, हे बचत गट चालवणाऱ्या आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? मग आम्ही विचारपूस केली, वाचलं, समजून घेतलं. हा हिशोब कुणी मांडला, कसा मांडला आणि त्यावर भरवसा किती ठेवायचा, ते आज सांगतो.

गोष्ट एका खानावळीपासून सुरू होते. १९११ च्या सुमारास हंगेरीचा एक तरुण शास्त्रज्ञ, जॉर्ज दे हेवेशी, इंग्लंडमध्ये मँचेस्टरला राहत होता. त्याला संशय होता, की घरमालकीण रविवारचं उरलेलं जेवण पुढचे काही दिवस वेगवेगळ्या रूपांत वाढते. बाईंनी ते साफ नाकारलं. तेव्हा त्याने ताटात उरलेल्या अन्नात किरणोत्सारी पदार्थ चिमूटभर टाकला, आणि दोन-तीन दिवसांनी पुढ्यात आलेल्या पदार्थाजवळ किरण ओळखणारं उपकरण धरलं. उपकरणाने साक्ष दिली! ही गोष्ट हेवेशी स्वतः सांगत असे, असं म्हणतात. आपल्याला त्या घरमालकिणीचाही थोडा कळवळा येतो, कारण शिळ्या पोळीचा कुस्करा आपणही करतोच. पण कल्पना मोठी होती. खूण लावून सोडलेला पदार्थ कुठे कुठे जातो, हे न कापता, न फोडता बाहेरून कळतं. पुढे हेवेशीने हाच मार्ग वनस्पती आणि प्राण्यांच्या शरीरासाठी वापरला, आणि त्याला १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खुणेसाठी लागणारे पदार्थ कृत्रिमरीत्या तयार करता येतात, हे १९३४ मध्ये इरेन जोलिओ-क्यूरी आणि त्यांचे पती फ्रेडरिक यांनी दाखवलं. इरेन म्हणजे मादाम क्यूरींची थोरली मुलगी. आज हाडांच्या स्कॅनला जे वापरतात ते टेक्नेशियम नावाचं मूलद्रव्यही माणसानेच बनवलेलं. त्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. म्हणजे तपासणीपुरतं टिकतं आणि एक-दोन दिवसांत जवळपास संपून जातं.

आता औषध शरीरात गेलं, हाडांत बसलं, आणि तिथून किरण बाहेर पडू लागले. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते टिपायला अमेरिकेतल्या बर्कली इथे हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकात गॅमा कॅमेरा बनवला. त्याच्या तोंडाशी शिशाची जाड चाळण असते, हजारो बारीक भोकांची. सरळ आलेला किरण भोकातून आत जातो, तिरका आलेला शिशात अडकतो. म्हणूनच किरण कुठून आला ते कळतं. पण या चाळणीची किंमत मोठी आहे. शरीरातून निघालेल्या दर दहा हजार किरणांपैकी एखाददुसराच पलीकडे पोचतो. बाकी सगळे वाया. औषध वाढवून किरण वाढवता येतील, पण मग शरीराला किरणांचा मारा जास्त. म्हणजे मुळातच तुटपुंज्या शिधावर घर चालवायचं आहे, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या टंचाईची आहे.

दुसरी अडचण अशी, की समोरून पाहिलं तर पुढचं आणि मागचं एकावर एक दिसतं. मणक्याच्या पुढच्या भागात औषध जास्त आहे की मागच्या सांध्यात, हे एका बाजूने कळत नाही. आणि आमच्या सासूबाईंच्या बाबतीत सगळा प्रश्न तोच होता. मागच्या सांध्यात असेल तर बहुधा झीज, वयाची गोष्ट. मणक्याच्या मुख्य भागात असेल तर चिंता.

इथे आपली बचत गटाची वही घ्या. समजा, पावसात वही भिजली. कुणी कोणत्या महिन्यात किती भरले ते आकडे पुसले गेले. फक्त कडेला लिहिलेल्या बेरजा शिल्लक राहिल्या, प्रत्येक बाईची आडवी बेरीज आणि प्रत्येक महिन्याची उभी बेरीज. यावरून आतले आकडे परत मिळवायचे. कॅमेरा नेमका असाच बेरजा देतो. एका रेषेवर मिळून किती किरण निघाले एवढंच त्याला कळतं, रेषेवरच्या कुठल्या बिंदूतून ते निघाले हे कळत नाही. आडव्या-उभ्या बेरजा पुरेशा नसतात, त्यावरून एकच उत्तर निघेल असं नाही. म्हणून तिरक्याही लागतात, आणि त्यासाठी यंत्र रुग्णाभोवती फिरतं. सगळ्या दिशांच्या बेरजा हाती असतील तर आतलं चित्र परत मिळवता येतं, हे ऑस्ट्रियाचे गणिती योहान राडोन यांनी १९१७ मध्येच सिद्ध करून ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ना दवाखाना होता ना कॅमेरा.

१९६३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कूल आणि रॉय एडवर्ड्स यांनी शरीरातल्या औषधाचे असे आडवे छेद दाखवले. सीटी स्कॅन यायच्या आधीची ही गोष्ट. त्यांची रीत सोपी होती. प्रत्येक बेरीज तिच्या रेषेवर सारखी पसरायची आणि सगळ्या रेषा एकावर एक टाकायच्या. जिथे खूप रेषा एकमेकींना छेदतात तिथे गडद दिसतं. पण चित्र धुरकट येतं, कारण जिथे काही नाही तिथेही रेषेचा थोडा वाटा पडतोच. हा धुरकटपणा आधीच गाळून घ्यायची एक सुटसुटीत रीत १९७१ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या आपल्या दोन शास्त्रज्ञांनी मांडली. जगभरच्या स्कॅनच्या पुस्तकांत ती आजही 'राम-लॅक' या नावाने शिकवतात. कोलॅजेन या प्रथिनाची रचना उलगडणारे रामचंद्रन ते हेच.

सीटी स्कॅनला ही रीत छान लागू पडली, कारण तिथे क्ष-किरण भरपूर असतात. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये मात्र ती अडखळली. का, तर ती प्रत्येक बेरीज अगदी पक्की समजते. आणि इथल्या बेरजा पक्क्या नसतात.

हे जरा नीट समजून घेऊ. पत्र्यावर पडणारे पावसाचे थेंब मोजा. पाऊस तोच असला तरी या मिनिटाला अठ्ठ्याण्णव थेंब, पुढच्या मिनिटाला एकशे सात. किरणांचंही तसंच असतं. सरासरी १०० येणार असतील, तर कधी ९० येतात, कधी ११०. हा दोष यंत्राचा नाही, निसर्गाचा स्वभावच तसा. फ्रान्सचे गणिती प्वासाँ यांनी १८३७ मध्ये या स्वभावाचा नियम लिहिला. नियम सांगतो, की १०० मोजले तर साधारण १० चा चढउतार धरा, म्हणजे शेकडा १०. १०,००० मोजले तर चढउतार १०० चा, म्हणजे शेकडा १ फक्त. जितके जास्त मोजाल तितका भरवसा जास्त. थोडे मोजले की डळमळ. जुनी रीत या डळमळीलाही खरं मानून चित्रात उतरवायची. मग चित्रात पट्टे उमटायचे, आणि काही ठिकाणी तर औषधाचा आकडा शून्याखाली जायचा. शरीरात उणे औषध कसं असेल?

यावर उत्तर संख्याशास्त्रातून आलं. प्रश्न उलटा विचारायचा. बेरजांवरून चित्र काढण्याऐवजी असं विचारायचं, की कोणतं चित्र खरं असेल तर या अशाच बेरजा मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त? सगळ्यात जास्त शक्यतेचं उत्तर निवडायचं, ही कल्पना इंग्लंडचे रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये पक्की केली होती. ती न्यूक्लिअर स्कॅनसाठी वापरावी असं १९७६ मध्ये रॉकमोर आणि मॅकॉव्हस्की यांनी सुचवलं. पण हजारो चौकटींचं चित्र, प्रत्येकीचा आकडा अज्ञात. असं उत्तर शोधायचं कसं?

वाट दाखवली १९७७ मधल्या एका निबंधाने. आर्थर डेम्पस्टर, नॅन लेअर्ड आणि डोनाल्ड रुबिन हे तीन लेखक. मैत्रिणींनो, यातल्या नॅन लेअर्ड या बाई. दोनच वर्षांपूर्वी हार्वर्ड विद्यापीठातून त्यांची पीएच.डी. झाली होती आणि त्या तिथेच शिकवू लागल्या होत्या. निबंधाचा विषय होता, अर्धवट माहितीवरून पुरा हिशोब कसा लावायचा. त्यांची रीत दोन पावलांची. पहिलं पाऊल, हरवलेली माहिती सध्याच्या अंदाजाने भरून काढायची. दुसरं पाऊल, ती खरी धरून नवा, सुधारलेला अंदाज करायचा. आणि पुन्हा पहिलं पाऊल. प्रत्येक फेरीत अंदाज आधीपेक्षा वाईट होत नाही, हे त्यांनी दाखवलं. या रीतीला 'ई-एम' म्हणतात. लेअर्डबाईंना पुढे २०२१ मध्ये संख्याशास्त्राचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो मुख्यतः वेगळ्या कामासाठी होता. रुग्णांची वर्षानुवर्षं पाहणी करून मिळालेले आकडे कसे अभ्यासायचे, याचं ते काम.

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले लॅरी शेप आणि येहुदा वार्डी यांनी ही दोन पावलं स्कॅनला लावली. हरवलेली माहिती कोणती? तर कुठला किरण कुठल्या चौकटीतून निघाला, ती. अगदी आपली भिजलेली वही. दोन वर्षांनी केनेथ लँग आणि रिचर्ड कार्सन यांनीही हाच मार्ग मांडला. १९८५ मध्ये शेप आणि वार्डी यांनी एक विस्तृत निबंध लिहिला, त्याच्या तिसऱ्या लेखिका होत्या लिंडा कॉफमन. ही रीत संगणकावर प्रत्यक्ष कशी चालवायची आणि तिला वेग कसा द्यायचा, यावर कॉफमनबाईंनी १९८७ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. कागदावरचं गणित आणि चालणारं यंत्र यांच्यामधलं हे काम, आणि ते केल्याशिवाय चित्र पडद्यावर येत नाही.

गंमत म्हणजे आकाशातल्या ताऱ्यांची धूसर चित्रं स्पष्ट करायला रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लूसी यांनी १९७४ मध्ये जवळपास हाच हिशोब शोधला होता. हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला, तेव्हा तिची धूसर चित्रं सुधारायला तोच कामी आला.

आता कागद-पेन्सिल घ्या, आपणच एक फेरी करून पाहू. दोन बायका, दोन महिने. पहिल्या बाईची बेरीज ४० रुपये, दुसरीची ६०. पहिल्या महिन्याची बेरीज ३०, दुसऱ्याची ७०. एकूण १००. आतले चार आकडे माहीत नाहीत, म्हणून सुरुवातीला चारही चौकटींत सारखेच २५ लिहा. आता आपल्या अंदाजाने पहिल्या बाईचे ५० होतात, खरे ४०. म्हणजे तिच्या ओळीचं माप रुपयाला ऐंशी पैसे. पहिल्या महिन्याचेही ५० होतात, खरे ३०. त्याचं माप साठ पैसे. पहिल्या बाईची पहिल्या महिन्याची चौकट या दोन्हींत येते, म्हणून ऐंशी आणि साठ यांची सरासरी घ्या, सत्तर पैसे. २५ चे झाले साडेसतरा. याच रीतीने तिचा दुसरा महिना साडेसत्तावीस, दुसऱ्या बाईचा पहिला महिना साडेबावीस आणि दुसरा साडेबत्तीस. बेरजा करा. बायकांच्या आता ४५ आणि ५५, महिन्यांच्या ४० आणि ६०. अजून बरोबर नाहीत, पण आधीपेक्षा जवळ आल्या. एकूण रक्कम १०० च राहिली, आणि कुठलाही आकडा शून्याखाली गेला नाही. अशा फेऱ्या करत राहायचं. यंत्रातला संगणक हेच करतो, फक्त त्याच्या चौकटी हजारो, आणि बेरजाही हजारो.

पण या रीतीतही दोन खोडी होत्या.

पहिली म्हणजे वेळ. एक फेरी म्हणजे सगळ्या बेरजा पुन्हा तपासायच्या, आणि अशा कित्येक फेऱ्या. १९८२ च्या संगणकांना हे फार जड होतं. त्यामुळे रीत चांगली असूनही बरीच वर्षं ती दवाखान्यात आली नाही. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या माल्कम हडसन आणि रिचर्ड लार्किन यांनी युक्ती काढली. सगळ्या बेरजा तपासून मग अंदाज सुधारण्याऐवजी बेरजांचे गट पाडायचे, आणि प्रत्येक गटानंतर लगेच सुधारणा करायची. पातेलंभर आमटी पूर्ण उकळून मग चव घेण्यापेक्षा मधे मधे चाखत मीठ-गूळ घालावं, तसं. दहा गट पाडले तर काम साधारण दहापट लवकर. या रीतीचं नाव 'ओएसईएम'. १९९० च्या दशकाच्या शेवटी ती दवाखान्यांतल्या यंत्रांत आली आणि आजही न्यूक्लिअर स्कॅनच्या बहुतेक यंत्रांत ती किंवा तिची सुधारलेली रूपं चालतात.

दुसरी खोड जास्त नाजूक आहे. फेऱ्या वाढवत नेल्या, की एका टप्प्यानंतर चित्र सुधारायचं थांबतं आणि रवाळ होऊ लागतं. कारण संगणक आता बेरजांमधली ती निसर्गाची डळमळही इमानेइतबारे चित्रात बसवू पाहतो. म्हणून कुणी फेऱ्या वेळेवर थांबवतात, कुणी शेवटी चित्र जरा मऊ करतात, तर कुणी हिशोबातच एक अट घालतात, की शेजारच्या चौकटींचे आकडे फारसे वेगळे नसावेत. पण इथे धोका आहे. जास्त मऊ केलं तर एखादी लहानशी गाठ शेजारच्या उजेडात विरून जाऊ शकते. कमी केलं तर नसलेला ठिपका असल्यासारखा वाटू शकतो. कुठे थांबायचं, हे यंत्र एकटं ठरवत नाही. तंत्रज्ञ, भौतिकीतज्ज्ञ आणि डॉक्टर मिळून ठरवतात.

मग इतका खटाटोप कशासाठी? त्या तुटपुंज्या शिधासाठी. मोजलेल्या प्रत्येक किरणाचं नीट चीज झालं, तर तेवढ्याच स्पष्ट चित्रासाठी औषध कमी देता येतं, नाहीतर निजून राहायची वेळ कमी करता येते. पाठीच्या दुखण्याने कळवळणारी बाई वीस मिनिटं हलू नकोस म्हटल्यावर काय सोसते, हे जिने सोसलं तिलाच ठाऊक. आणि लहान मुलांच्या बाबतीत औषधाची कमी मात्रा ही आईच्या जिवाला केवढा दिलासा असते!

आपल्याकडे ही विद्या लवकर आली. तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. ते भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे, आणि थायरॉइडच्या रुग्णांना ते चांगलं परिचित आहे. देशातला पहिला पेट स्कॅनही तिथेच, २००२ मध्ये सुरू झाला. पेट स्कॅनमध्ये एकाच वेळी दोन किरण विरुद्ध दिशांना निघतात आणि यंत्र दोन्ही एकदम पकडतं, त्यामुळे शिशाच्या चाळणीची गरज उरत नाही. पण बेरजांवरून आतलं चित्र काढायचं कोडं तेच, आणि शेप-वार्डींचा हिशोबही मुळात त्याच कोड्यासाठी होता.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. पहिला फोटो खोटा नव्हता. त्यात पुढचं-मागचं एकत्र दिसत होतं, एवढंच. दुसऱ्या वेळी यंत्र फिरलं, सगळ्या बाजूंनी बेरजा मिळाल्या, हिशोब झाला, आणि औषध मणक्याच्या मागच्या सांध्यात आहे असं दिसलं. झीज. डॉक्टरांनी त्यांची जुनी क्ष-किरण फिल्मही शेजारी लावून पाहिली, मगच सांगितलं. सासूबाई आता गुडघ्यांबरोबर कंबरेलाही तेल लावतात आणि स्कॅनची गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगतात.

यातून आम्ही शिकलो ते तुम्हालाही उपयोगी पडेल. स्कॅनच्या वेळी शक्य तितकं स्थिर पडून राहा, कारण तुम्ही हललात तर बेरजा चुकीच्या खात्यात जातात. फार दुखत असेल तर आधीच सांगा, उशी किंवा वेदनेचं औषध मिळू शकतं. दिवस गेले असतील, तशी नुसती शंका असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर सुई घेण्याआधी सांगा, लाजू नका. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा आणि दर वेळी सोबत न्या. उपचाराआधीचा आणि नंतरचा स्कॅन जमल्यास एकाच ठिकाणी करा, कारण दोन ठिकाणी हिशोबाची रीत वेगळी असेल तर आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. आणि फिल्म हातात आली, की काळा डाग बघून रात्र जागवू नका. कोणता डाग कशाचा, ते डॉक्टरांना विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारा.

पुढच्या बुधवारी भेटू. तोवर आपापल्या गटाची वही पावसापासून सांभाळा.